यंत्राची जाळी

दादा, वाकून नमस्कार. पण पुन्हा तेच लिहिलंस, "माणसं जप, धंदा वाढेल." धंदा वाढलाय की! रोज आठशे खोकी निघतात.

हजार व्हावीत म्हणून मी पुठ्ठा कापायच्या यंत्राची जाळी काढली. मला काम शिकवणारे मास्तर म्हणाले, "शहाण्या, जाळी यंत्रासाठी नसते, बोटांसाठी असते." मी हसलो.

मंगळवारी त्यांची दोन बोटं गेली. दवाखान्यात मलाच विचारलं, "जेवलास का रे?"

जाळी परत बसवलीय. कापायला आता मी असतो. मास्तर शेजारी बसून बघतात, शिव्यासुद्धा घालत नाहीत. त्यांचा पगार चालू ठेवलाय.

आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हण, धाकटा मजेत आहे.

तुझाच हट्टी भाऊ

या खेपेला पाच नाही, दोन हजार पाठवतोय.