भरलेली गाडी उणे दाखवते

४ नोव्हें.
आणि मी कधी म्हणालो, माझ्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे कुठंही चालेल? शेठच म्हणाले. यार्डातल्या वजनकाट्याचा जुना पीसी खाऱ्या हवेनं सडला, तर त्याच्या जागी स्वस्तातला छोटा कंट्रोलर बोर्ड आणला तोपण त्यांनीच. ‘‘तुजा कोड हायच, टाक यात.’’ टाकला. आता भरलेला ट्रेलर चढला की वजन उणे पंचवीस हजार किलो. ड्रायव्हर खिडकीतून, ‘‘इंजिनीअर, गाडी उडून जाईल ना रे!’’

५ नोव्हें.
सापडलं. सी भाषेत आकडा ठेवायच्या डब्याला int म्हणतात; नाव एकच, माप ज्या त्या मशीनच्या घरचं. लॅपटॉपवर मोठं, ह्या बोर्डावर लहान. साडेबत्तीस हजाराच्या थोडं पुढं गेलं की आकडा उलटा फिरून उणेत. रिकामे ट्रेलर आतच बसतात, आणि मी टेस्ट केली ती रिकाम्यांवरच. भरलेली गाडी काट्यावर थांबवली की मागचे हॉर्न मारतात, आयमाय काढतात. इथं सगळेच असं करतात. तरी चूक माझीच.

६ नोव्हें.
शेठ : ‘‘सोमवारपर्यंत झाला तर ठीक. न्हाय तर तू परत वायरी वढ, कोडला दुसरा पोरगा आणतो.’’
वायरी ओढायची लाज नाही. पण दोन वर्षं मोबाईलवर बघून बघून शिकलो, ते काय...
गावाकडनं दादाचा फोन. ‘‘धावी नापास, तुला कंप्युटरवर बसवलंच कुणी?’’ कट केला.

८ नोव्हें.
सगळीकडं int32_t केलं, म्हणजे कुठंही एकाच मापाचा मोठा डबा. बोर्डावर वजन बरोबर. ऑफिसच्या पीसीवर भलतंच! बोर्ड त्याला गाडीचा प्रकार आणि वजन एकत्र पाठवतो. पीसी दोघांत रिकामी जागा धरून वाचतो, बोर्ड सोडतच नाही. म्हणजे एकेक बाइट सुटा, ठरल्या क्रमानं. परत सगळं लिहायचं. डोळे चुरचुरतात. काट्यावरचे म्हात्रेकाका : ‘‘च्या घे रं. काटा कुठं पलून जात न्हाय.’’

९ नोव्हें., रवि.
दोन्हीकडं आकडा एकच. पण रिकाम्या गाडीवर. आज भरलेली आलीच नाही.
काका म्हणाले, ‘‘उद्या पयली भरलेली मी अडवतो. वाजवू दे किती हॉर्न वाजवतो त्यो.’’ शेठपण उभे राहणार. लॅपटॉपवर मोठे आकडे घालून बघितले, बरोबर येतात. पण लॅपटॉपचं काय...
झोप नाही. उद्यापासून पगार कोडचा की वायरींचा, माहीत नाही. वायरींचा धरूनच चाललेलं बरं. दर महिन्याला घरी आठ हजार जातात. कमी का, ते माय विचारणार नाही, दादा विचारेल. मायच्या खात्यावर या वेळी साडेपाच हजारच टाकतोय.