हॅटी लूमिस आणि आमची पहिली मे

सोमवार, १९ एप्रिल २००४

आमच्या सर्कस-संग्रहालयाचं मागचं दालन आजपासून बंद. रंगकाम! फोटोंच्या दोनशे बारा चौकटी उतरवायच्या, एकेक तपासायची, गुंडाळायची, खोक्यावर आकडा घालायचा – आणि हे सगळं करायला माणसं किती? मी. ट्रेंट संचालक आहे, म्हणून तो शिडी धरतो. तीही फोनवर बोलत बोलत.

दुपारी मॅकव्हेबाईंचा फोन. “फर्न, एक मेला उघडं आहे ना?” बाई नव्वदीच्या आहेत. दरवर्षी एक मेला येतात. निळा कोट, हातात पर्स, थेट मागच्या दालनात. एका फोटोसमोर दहा मिनिटं उभ्या राहतात आणि कुणाशी न बोलता निघून जातात. पोस्टकार्डाएवढा फोटो – डोर्सी-पाइक सर्कशीतली घोडेस्वार हॅटी लूमिस, शेजारी आणखी एक बाई, पांढरा घोडा. मी आपली समजत होते, म्हातारीला घोड्यांची आवड!

म्हटलं, यंदा बंद आहे हो दालन.

“मग उघड. आठ तारखेला मुलगा मला अ‍ॅरिझोनाला नेतोय. परत येणं नाही आता. तिचं तोंड एकदा बघू दे मला.”

“कोणाचं?”

“माझ्या आईचं. इतकी वर्षं काय मी घोडा बघायला येत होते?”

मंगळवार, २० एप्रिल

राहवलं नाही. साखर-सायीचा ‘पाय’, म्हणजे भाजलेली गोड पेस्ट्री, घेऊन बाईंकडे गेले. घरभर खोकी. स्वयंपाकघरात दोनच खुर्च्या उरल्यात, त्यांतल्या एकीवर मांजर.

बाईंनी सगळं सांगितलं. हवामान सांगावं तसं. जन्म २६ एप्रिल १९१४. वडील आधीच गेलेले. वाढल्या मावशीकडे, शेतावर. आई सर्कशीत – हिवाळ्यात यायची, रिबिनी आणायची, परत जायची. मावशी मात्र सारखी म्हणायची, “पहिला सबंध उन्हाळा तुझ्या आईनं तुला क्षणभरसुद्धा खाली ठेवलं नाही.” त्या एका वाक्यावर बाईंनी आयुष्य काढलं. आई कितीही लांब असली तरी जून ते ऑगस्ट, तेवढा एक उन्हाळा त्यांचा होता.

मग १९७८ साली आमचं संग्रहालय उघडलं. बाई कौतुकानं आल्या. आईचा फोटो भिंतीवर! खाली पाटी – ‘हॅटी लूमिस, हंगामाचा पहिला दिवस, १ मे १९१४.’

“पाच दिवसांची होते मी, फर्न. पाच दिवसांची पोर टाकून बाई घोड्यावर! आणि मावशी जन्मभर माझ्याशी खोटं बोलली. बरं, जाब विचारायला दोघींतली एकही शिल्लक नाही. म्हणून दरवर्षी त्याच तारखेला येऊन तिच्याकडे बघते. बघते म्हणजे काय – भांडते.”

पेस्ट्रीचा तुकडा मी ताटलीत परत ठेवला. १९७८ साली पाट्या कोणी लिहिल्या? मीच की.

गुरुवार, २२ एप्रिल

क्रमानं लिहिते.

बडचा आज येण्याचा वार. बड म्हणजे आमचा जुना हत्तीवाला, वय चौऱ्याऐंशी, दर गुरुवारी फुकट मदत करतो आणि त्याच्या दुप्पट कॉफी पितो. मोरपिसांचा मुकुट खोक्यात घालायला काढला तसा हा बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. सर्कसवाल्यांना मोराचं पीस अशुभ. “झाकलंस का? झाकल्यावर हाक मार!”

तो बाहेर असताना मी हॅटीची चौकट उघडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मागचा पुठ्ठा काढला. फोटोच्या पाठीवर पेन्सिलनं, गोल गोल अक्षरात –

‘हॅटी. आणि आमची पहिली मे. १९१४.’

वाचलं. पुन्हा वाचलं.

तेव्हा मी नवी होते. हार्डवेअरच्या दुकानदाराची मुलगी, सर्कशीतलं ओ का ठो कळत नव्हतं. तांड्याच्या प्रवासवहीत पाहिलं – त्या वर्षी हंगाम सुरू झाला तो एक मेलाच, इथंच, आपल्या गावात. मग काय, तारीखच ही! ‘आमची पहिली मे’ म्हणजे आमचा पहिला दिवस. पाटी ठोकून मोकळी.

पुढं चार-पाच वर्षांनी बडसारख्यांच्या तोंडून कळलं. सर्कशीत नव्यानं आलेल्या माणसाला म्हणतात ‘पहिली मे’. बाप्या असला तरी पहिली मेच! हिवाळी मुक्काम हलायचा तो मेच्या सुरुवातीला, नवी भरती तेव्हाच व्हायची, म्हणून. नवखा खुंटी उलटी ठोकायचा आणि सगळे ओरडायचे, “अरे, पहिली मे आहे तो, सोडा!” मी हे शाळेच्या सहलींना शंभरदा सांगितलंय. पोरं हसतात. पण फोटो चौकटीत बंद. मी सव्वीस वर्षं माझी पाटी वाचत होते, पाठ नाही.

म्हणजे ती तारीख नव्हेच! हॅटी आणि कुणीतरी नवखी. १९१४ सालचा कुठलाही महिना.

आणि मग समोरून पाहिलं. नीट, भिंग लावून. तंबूच्या मागे शेत आहे. मका. माणसाहून उंच, तुरे आलेला! एक मेला आमच्याकडे मका अजून पोत्यात असतो. हे या जिल्ह्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ही पाटी हजारो शेतकरी वाचून गेले. एकालाही दिसलं नाही. मला तर नाहीच.

जुलैअखेर. कदाचित ऑगस्ट. बाई तेव्हा तीन महिन्यांच्या होत्या.

शुक्रवार, २३ एप्रिल

ट्रेंटला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “दालन बंदच आहे ना? नवी पाटी छापू. ‘उन्हाळा, १९१४’. कशाला उगाच बोभाटा, फर्न? तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय.”

म्हटलं, त्या बाई सव्वीस वर्षं आईशी भांडतायत. माझ्यामुळे.

“तुमच्यामुळे नाही. पेन्सिलीमुळे.”

पोरगा वाईट नाही. पण मला त्याच्या तोंडावर फाइल मारावीशी वाटली, हे इथं लिहून ठेवते.

रविवार, २५ एप्रिल

चर्चमध्ये बाई दोन रांगा पुढे होत्या. सांगितलं नाही. भित्री!

सोमवार, २६ एप्रिल

बाईंचा नव्वदावा वाढदिवस. कार्ड टाकलं. आत काय लिहावं सुचेना. ‘शुभेच्छा, फर्न’ लिहिलं. एवढं मोठं पांढरं कार्ड आणि दोन शब्द.

शनिवारी सांगायचं. फोटोसमोरच. ठरलं.

शनिवार, १ मे

सांगितलं.

दालनात रंगाचा वास होता, म्हणून फोटो माझ्या टेबलावर ठेवला, खाली पांढरा कागद, वर दिवा. बाईंना खुर्ची दिली. त्यांनी कोट काढला नाही. आधीच सांगून टाकलं – पाटी मी लिहिली होती, चुकीची लिहिली, ती तारीख नव्हेच. फोटो उलटा करून पाठ दाखवली. ‘पहिली मे’ म्हणजे काय ते सांगितलं. मका दाखवला.

बाईंनी मक्याकडे बराच वेळ पाहिलं. शेतावर वाढलेलं माणूस! “ऑगस्टचा पहिला आठवडा,” म्हणाल्या. “तुरा वाळायला लागलाय.”

मला वाटलं, आता रडतील. निदान हसतील. मी रुमालाचं पाकीटसुद्धा जवळ ठेवलं होतं, मूर्ख!

“म्हणजे पाच दिवसांची नव्हते मी.”

“नाही.”

“तीन महिन्यांची होते.”

“हो ना! म्हणजे मावशी बरंचसं खरं –”

“फर्न, तुला मूल नाही ना?”

“नाही.”

“पाच दिवसांच्या पोराला आपला-परका कळत नाही. त्याला टाकून जाणं सोपं. तीन महिन्यांचं पोर तोंड बघून हसतं गं. आपलं माणूस दिसलं की हातपाय झाडतं. ते हसणं मागे ठेवून गेली ती!” मग पर्स उचलली. “मी आपली इतकी वर्षं समजत होते, नाइलाज असेल. पाच दिवसांत काय ठरवणार माणूस. आता कळलं, चांगलं तीन महिने विचार करून गेली.”

दारापर्यंत सोडायला गेले तर म्हणाल्या, “तू खरं सांगितलंस ते बरं केलंस.” आवाजात राग नव्हता. तेच सहन होईना.

घरी आले आणि भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली.

सोमवार, ३ मे

काही नाही. दालनाला दुसरा हात. रंगाला ‘लोणी’ म्हणतात, दिसतो चुन्यासारखा.

ट्रेंटनं विचारलं, कशा होत्या बाई? म्हटलं, पूर्वीपेक्षा वाईट. तो बराच वेळ शिडी धरून उभा होता. आज फोनवर नव्हता.

गुरुवार, ६ मे

नवी पाटी लिहायला घेतली. या वेळी नीट! दुसरी बाई कोण, तेही शोधायचं. तीच असणार ती नवखी. बडला फोटो दाखवला.

“ही? ही तर ऑली!”

“ओळखतोस तू?”

“अगं, कपडेवाली ऑली. मी अठ्ठावीस साली नव्हे, अडतीस साली भरती झालो तेव्हा म्हातारी झाली होती, पण हे नाक! माझ्या पँटचं बटण तुटलं की आधी शिवी, मग सुई. ती पहिली मे? हॅ! ती तर सर्कशीत तंबूच्या आधी आली असेल.”

प्रवासवही काढली. १९१४ च्या नावांच्या यादीत ऑली आहे – ‘अकरावा हंगाम’. बडचं बरोबर. आणि पाठीवरचं ते गोल अक्षर तिचंच, कपड्यांच्या हिशोबावर तिची सही आहे, डोळे मिटून ओळखू येईल.

मग नवखी कोण? फोटोत दोघीच. तिसरं कुणी नाही.

“घोडा असेल,” बड म्हणाला. “नवा घेतला असेल.”

यादी पाहिली. घोडा नऊ वर्षांचा जुना! बड इतका हसला की कॉफी सांडली, नशिबानं वहीपासून लांब.

“फर्न, तू सोड आता. जातायत त्या परवा. कोण का असेना नवखी, त्यानं बाईंना काय फरक पडतो?”

खरंच काय फरक पडतो? पण सव्वीस वर्षांपूर्वीही मी असंच म्हटलं असणार. उद्या ट्रेंटच्या नव्या यंत्रावर फोटो मोठा करून बघते.

शुक्रवार, ७ मे

संग्रहालयाच्या नोंदकार्डावर या फोटोचं वर्णन, माझ्याच हातचं – ‘हॅटी लूमिस, हातावर घडी केलेली शाल.’ पडद्यावर वीतभर मोठं केलं. शाल नाही ती. शालीतून बाळाची एक मूठ बाहेर आलीये, हॅटीच्या गळ्यातली साखळी घट्ट धरून. ऑगस्टमध्ये, तंबूशेजारी. हॅटी आणि आमची पहिली मे!

ट्रेंट ओरडला, “फोन करा, फोन करा!” बाईंचा फोन अजून तोडला नव्हता. मी सांगितलं – सोडून गेली नाही हो ती, घेऊन गेली.

त्यावर बाई अगदी बारीक आवाजात – “फर्न, मला टोपी घातलीये का गं?”