छातीवर बसणारी

५ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! ओश शहरातून निघताना आई डोळे पुसत होती, पोट घेऊन डोंगरात कुठं चाललीस म्हणत होती. पण घाटात मला एकदाही उलटी झाली नाही. उलटी झाली ती तिलेकला. नवरा म्हणून मिरवणाऱ्याची ही तऱ्हा.

दारातच सासूबाईंनी, शारकुल-एनेंनी, माझ्यावरून मूठभर खाऊच्या गोळ्या उधळल्या आणि साय लावलेला गरम पावाचा तुकडा तोंडात कोंबला. थोरल्या दिरांनी मेंढा कापला. एका हातानं उचलून आणला, जसं काही मांजर. सुनेनं दिराचं नाव घ्यायचं नसतं, वहीत घेते : कुबात. माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, पुतण्याला सांग, सगळ्यांत मऊ तुकडा त्याच्या वाटचा. त्यांची बायको जानील-एजे, माझी जाऊ; एजे म्हणते खरी, पण सख्ख्या ताईसारखीच वाटते. बोलते हळू, पण हात घटकाभर रिकामे नसतात.

तिलेक परवा रशियाला कामावर जाईल. बाळ फेब्रुवारीत. तोवर सफरचंदांच्या फोडी वाळत घातलेल्या या छपराखाली मी, चुलीची ऊब आणि आयतं जेवण. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बायका जळून खाक होतील.

१९ ऑक्टोबर

आज बाळ हललं! कणीक मळत होते. आतून कुणीतरी बोटानं टिचकी मारावी तसं झालं, मग पुन्हा. मी ओरडले तशी जानील-एजे धावत आली. तिनं पिठाचा हात माझ्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. दूध उतू गेलं तरी हात काढला नाही.

संध्याकाळी दवाखान्यातली नर्स बाक्तगुल-एजे येऊन गेली. पोटाला लाकडी कर्णा लावून ऐकलं, मलाही त्या ठोक्यांचा ठेका जिभेनं वाजवून दाखवला. म्हणाली, आता मक्याच्या कणसाएवढं झालंय, भुवया फुटल्यात, आणि थोड्याच दिवसांत बाहेरचं ऐकू लागेल. तेव्हा नवऱ्याला शिव्या घालायच्या त्या हळू घाल.

७ नोव्हेंबर

आज जानील-एजेबरोबर न्हाणीघरात गेले. वाफेत ती पाठमोरी बसली होती. तिच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरे वळ आहेत, दोरासारखे जाड, एकावर एक. मी विचारलं, कुणी मारलं?

ती अंगावर पाणी ओतत राहिली. म्हणाली, "मला नाही गं मारलं. तिला मारलं."

मग सांगितलं, दात पडल्याचं सांगावं तितक्या सहज. तिला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा अल्बार्स्ती, ती हडळ, आली. गरोदर बाईच्या छातीवर येऊन बसते, पिवळ्या केसांची, आणि फुप्फुस काढून पाण्यात नेऊन टाकते. चाबूक लागला की उठते. कुबातनं उठवलं तिला. मी वाचले बघ, जानील-एजे म्हणाली. बाळांचं मी विचारलं नाही.

आईनंही या बाईच्या गोष्टी सांगितल्या होत्या. पण आई त्या आम्हांला झोपवायला सांगायची.

२ डिसेंबर

बर्फ. रस्ता बंद झाला, वीजही गेली आणि फोन मुका. मला खोकला झालाय. सकाळी झऱ्यावर बादली उचलताना चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा एने माझे ओठ बोटानं उलटून बघत होत्या. निळे पडलेत म्हणाल्या. थंडीनं पडलेत, मी म्हणाले. मग त्यांनी माझ्या उशीवरून एक लांब पिवळा केस उचलला. तो भरतकामाचा रेशमी दोरा होता. मी सांगितलं, ज्यातून आला ती रेशमाची लडही दाखवली. एनेंनी केस चुलीत टाकला आणि माझ्या अंथरुणावरच्या भिंतीत खिळा ठोकून चाबूक टांगला.

कुबात आता माझ्याशी बोलत नाही. माझ्या छातीकडे बघतो. वाईट नजर नव्हे. खाटीक मेंढ्याकडे बघतो तशी.

११ डिसेंबर

दुपारी जेवण झाल्यावर खोकल्याची उबळ आली. थांबेना. एनेंनी कुबातला हाक मारली. जानील-एजेनं माझे हात धरले. मला वाटलं, आधार देतेय.

पहिला फटका खांद्यावर बसला. चाबकाच्या टोकाला शिसं आहे. मी किंचाळले की एने म्हणायच्या, बघा, ती ओरडतेय, तिला लागतंय, अजून मार. कुबात मात्र शांतपणे मारत होता. मध्ये थांबून कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला,

"तुला नाही, सूनबाई. तू घाबरू नकोस."

चाबूक सुटला की बाळ आत आक्रसून घट्ट गोळा होतं. त्याला आता ऐकू येतं.

१४ डिसेंबर

बाक्तगुल-एजे बर्फ तुडवत आली. माझी पाठ बघून तिचा चेहरा पांढरा पडला. कर्णा लावला, ठोके आहेत म्हणाली. मग उठून एनेंना तोंडावर सांगितलं की हिला खोकला आहे, दुसरं काही नाही, आणि पुन्हा हात लावलात तर पोलिसांत जाईन.

कुबातनं तिला केसांना धरून अंगणात नेलं. तिचा हात मोडला तो आवाज मी आतून ऐकला. कुंपणापलीकडे शेजारी उभे होते. बघितलं आणि आपापल्या घरात गेले. ती रांगत फाटकाबाहेर गेली, तिच्यामागे बर्फावर लाल चरा उमटत गेला.

कर्णा इथंच राहिला. एनेंनी जाळला.

९ जानेवारी

पुन्हा मारलं. आता खोकला नसला तरी मारतात. रस्ता अजून बंद, पोलीस काही आले नाहीत. कालपासून थोडं रक्त जातंय. तरी बाळ हलतं. त्याला उचक्या लागतात, पोट टकटक उडतं. खाली वळलंय बहुतेक, लाथा आता बरगड्यांत बसतात. मार, बाळा. तू मार.

फाटकापर्यंत गेले होते. कुबातनं उचलून परत आणलं. एका हातानं.

१५ जानेवारी

जानील-एजेनं सूप पाजलं. कानात म्हणाली, पोटावर मारू देणार नाही मी. बाळाला काही होऊ देणार नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

ती दिवसभर कुऱ्हाडीला धार लावत होती.

१८ जानेवारी

सकाळी कळा सुरू झाल्या — फार लवकर — एने म्हणाल्या, आता ती नेणार हिला. कुबातनं चाबूक पोटावर उगारला.

जानील-एजेनं मागून कुऱ्हाड घातली. मानेत. तो वळला, तिच्याकडे बघितलं, काहीतरी विचारायचं असावं तसं, आणि चुलीवर पडला. एने दाराकडे धावल्या. तिनं त्यांनाही — एकदा, दोनदा — पुढचे घाव मी मोजले नाहीत.

मग तिनं कुऱ्हाड नीट भिंतीला टेकवली, हात धुतले. मेंढ्या कापायची सुरी घेतली. मी म्हणाले, एजे, चल, आपण जाऊ इथून.

तिची नजर माझ्या छातीवर होती.

"अजून बसलीय ती," म्हणाली. "हलू नकोस, कुंदुझ. बाळ मी आधी काढून घेते. मग तिला काय न्यायचंय ते नेऊ दे."

माझं नाव किती प्रेमानं घेतलं तिनं.

तोच दिवस

मेंढ्यांच्या गोठ्यात. आतून अडसर. कशी आले — तिला ढकलून, रांगत. वही कोटात होती, सकाळचंही इथंच लिहिलं. तिलेक, तुझ्यासाठी लिहितेय, हे कुणी केलं ते —

कळ.

ती बाहेर आहे. फळ्या सुरीनं पोखरतेय. समजावतेय मला. दुखणार नाही म्हणते.

मेंढ्या एका कोपऱ्यात दाटल्यात.

डोकं लागतंय हाताला. केस आहेत. ओले —

मुलगी. तिलेक, मुलगी झाली. रडली. नाळ दातांनी. कोटात गुंडाळलीय, गवतात ठेवलीय. मला उभं राहवत नाही.

रडणं ऐकून सुरी थांबली. बाहेर ती हसतेय की रडतेय —

फळी पडली. हात आत आला. मी गवत उचलायचा लोखंडी काटा खुपसला, तळव्यातून आरपार, खाली जमिनीत. ती ओरडली नाही. हात मागे घेत नाही. काट्यावरून पुढे ढकलतेय, मांस फाटतंय, बोटं गवतापर्यंत —

दुसरी फळी —

काटा सुटत ना