अर्पणाचे दोन महिने

१ जून, रविवार. अहमदपूर.

आज उपदेश चांगला झाला. अब्राहाम आणि इसहाक. बाप होमाची लाकडं पोराच्याच पाठीवर लादतो आणि त्याला बळी द्यायला डोंगर चढतो, तिथे मंडळी रडायला लागते. दरवर्षी तिथेच रडते. ती जागा मला पाठ आहे, तिथे मी आवाज खाली घेऊन जरा थांबतो. देवाने मला रूप दिलं नाही, उंची दिली नाही, हा एक आवाज दिला.

शेवटी जाहीर केलं. ३ ऑगस्टला आमच्या अर्पणाचं समर्पण. बिलोलीकडच्या विश्वासगृहात सेविका म्हणून जाणार. पांढरी साडी, लग्न नाही, दागिना नाही, आईबाप मेले तरी घरी परत येणं नाही. एकुलती एक मुलगी. बायकांमध्ये हुंदके. 'धन्य तो बाप' असं मागून कोणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

अर्पणा पुढच्या रांगेत खंजिरी घेऊन बसली होती. तिला आधी सांगितलं नव्हतं. इसहाकाला तरी कुठे सांगितलं होतं. शेवटच्या गीताला खंजिरी वाजली नाही.

२ जून, सोमवार

घरात कोणी बोलत नाही. अर्पणाच्या आईने, रत्नाने, माझ्या ताटात भाकरी वाढली नाही, टाकली. जसं काही तिला आजच कळलंय.

वीस वर्षं झाली. नांदेडच्या दवाखान्यात आमचं दुसरं बाळ गेलं त्या दिवशी व्हरांड्यात गुडघे टेकून बोललो होतो: एक जगव, ते तुझंच. बायबलातल्या हन्नाने शमुवेल मागितला आणि देवालाच देऊन टाकला तसा. मनात मुलगाच होता, स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू. मुलगी झाली. देवानेही सौद्यात हात राखला असं वाटलं तेव्हा. पण जगली. नाव मीच ठेवलं.

गोदाआत्या ओसरीवर बसून सगळं ऐकते. वय ऐंशी, दात नाहीत, कान मात्र शाबूत. तीही गप्प आहे. आत्या गप्प असली की मला बरं वाटत नाही.

५ जून, गुरुवार

अ. शेवटी बोलली. रडेल, पाया पडेल अशी तयारी ठेवून बसलो होतो. तसलं काही नाही.

"पप्पा, मला दोन महिने पाहिजेत."

"कशाला?"

"इफ्ताहच्या पोरीला दिले होते तिच्या बापानं. म्हणून."

बायबलातलं शास्ते, अध्याय ११. इफ्ताह नवस बोलतो, लढाई जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते देवाला. त्याची एकुलती एक पोरगी बाहेर येते, खंजिरी वाजवत, नाचत. ती बापाकडे दोन महिने मागते, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडायला. मग आपल्या पायाने परत येते. पुढे काय झालं ते पवित्र शास्त्राने एका ओळीत उरकलंय.

सव्वीस वर्षांत हा अध्याय मी मंडळीपुढे एकदाही वाचला नाही. हिने कधी वाचला?

दिले दोन महिने. नाहीतरी ३ ऑगस्टला तेवढेच उरलेत. फुकटचं औदार्य.

१४ जून, शनिवार

अ. लातूरला मैत्रिणीकडे गेली. "डोंगरात जाते," म्हणाली. रत्ना हसली. पंधरा दिवसांनी हसली ती माझ्यावर.

२२ जून, रविवार

योहानाचं पहिलं पत्र. देव म्हणजेच प्रीती. सांगायला सगळ्यात सोपा विषय, पोरंसोरंही आमेन म्हणतात. देवाला सिंहासन आहे, पण त्याचा स्वभाव बापाचा आहे, असं म्हणालो. छान वाटलं वाक्य. लिहून ठेवतो, नाताळला कामाला येईल.

दुपारी रत्नाकडून कळलं की अ.ने लातूरला नर्सिंगचा फॉर्म भरलाय. रडायला गेली नव्हती. तिचे मार्कमेमो, टी.सी., सगळे ओरिजिनल कागद लोखंडी ट्रंकेत टाकले आणि कुलूप लावलं. किल्ली शर्टाच्या खिशात, तिथल्या छोट्या बायबलाच्या वर.

८ जुलै, मंगळवार

पोस्टमनने पत्र माझ्याच हातात दिलं. नंबर लागला. ४ ऑगस्ट, सोमवार, संध्याकाळी चारच्या आत ओरिजिनल कागद घेऊन लातूरला हजर व्हायचं. नाहीतर सीट पुढच्याला.

समर्पण रविवारी, हे सोमवारी. देव कधीकधी तारखा अशा लावतो की त्याला विनोद कळतो असं वाटतं.

पत्र बायबलात ठेवलं. घरी येऊन अ.ला म्हणालो, काही आलं नाही. ती म्हणाली, "मोबाईलवर यादी लागलीय पप्पा. पत्र तुमच्याकडंच राहू द्या."

मोबाईल काढून घेतला.

१२ जुलै, शनिवार

अ.ने जेवण सोडलं. चौथा दिवस. पाणी घेते, तेवढंच. रत्ना ताट घेऊन दारात बसते आणि उठते. मी म्हणालो, भूक लागली की खाईल. आई म्हणून हिने जे बोलायचं ते बोलली, लिहीत नाही.

१३ जुलै, रविवार

अ. चर्चला आली ती भिंत धरून. लोकांच्या नजरा तिच्यावर. कोणी काही विचारायच्या आत मीच उभा राहिलो आणि सांगून टाकलं: आमची अर्पणा समर्पणासाठी उपास धरून आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा.

ओठातून निघेपर्यंत मला स्वतःला माहीत नव्हतं की हे म्हणणार आहे. निघाल्यावर मात्र किती बेमालूम बसलं ते कळलं. मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या तिच्या पाया पडल्या. एकीने तिचा हात घेऊन आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला. अ. माझ्याकडे बघत होती. माझ्या आयुष्यात कोणी माझ्याकडे असं बघितलेलं नाही, आणि मला मारहाण झालेली आहे, दगडही खाल्लेत.

१६ जुलै, बुधवार

समोरचे किराणावाले महालिंगप्पा. लिंगायत माणूस, तीस वर्षांचा शेजार. साखर बांधता बांधता म्हणाले:

"पास्टर, पोरगी लई वाळली की हो."

"उपास आहे तिचा."

"आमचा देव बी लई जवळ असतोय." गळ्यातलं लिंग सदऱ्यावरून चाचपलं. "पर गळ्यात असतोय. तुमचा काय नरड्यावर बसून राहिला काय?"

साखर तिथेच ठेवून आलो. हे लोक वरवर गोड. रत्ना जाऊन साखर घेऊन आली, वर त्यांच्या बायकोशी तासभर बोलत बसली.

१९ जुलै, शनिवार

अ. आज जेवली. आत्याने जेऊ घातलं. दार लावून दोघी आत होत्या, काय बोलल्या ते कळलं नाही. बाहेर येऊन आत्या एवढंच म्हणाली, "मरायचं न्हाई म्हणलं तिला. मेल्यावर तर हे लोक लईच नाचतेत."

२१ जुलै, सोमवार

आज हात उचलला.

अ. बायबल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. लेवीय, अध्याय २७. बोट ठेवून दाखवलं. नवसाने देवाला दिलेल्या माणसाला सोडवून घेता येतं, बाईचं मोल वेगळं, गड्याचं वेगळं, सगळं नीट लिहिलेलं आहे. चांदी याजकाला दिली की माणूस मोकळं.

"म्हणजे देवानंच वाट ठेवलीय पप्पा. आईच्या जोडव्यांत भागतंय. तुम्हाला माहीत होतं का हे?"

माहीत होतं. बायबल शाळेत दुसऱ्या वर्षाला होतं. ती जन्मायच्या आधीपासून माहीत होतं. दर वर्षी बायबल वाचताना तो अध्याय येतो आणि दर वर्षी मी तो जेवणानंतर वाचतो, झोप यावी म्हणून.

"माहीत होतं का?" तिने परत विचारलं.

तेव्हा मारलं. उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

तिने गाल चोळला नाही. म्हणाली, "म्हणजे होतं."

२२ जुलै, मंगळवार

बायबलातलं उपदेशक, अध्याय ५ काढून बसलो. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. हे माझ्या बाजूचं वचन. दहा वेळा वाचलं. दहाव्यांदा वाचताना वाटलं, मी वचन शोधत नाही, वकील शोधून राहिलो.

२७ जुलै, रविवार

उपदेश विश्वासावर. काय बोललो आठवत नाही, लोक मात्र रडले.

इथे खरं लिहितो. मला भीती वाटते. विश्वास म्हणतात तो माझ्याकडे आहे की नाही, देव जाणे, पण भीती भरपूर आहे. दोन बाळं मी या हातांनी पुरली, एक अर्धापूरला आजोळी, एक नांदेडला. दुसऱ्याचं तर नावही ठेवलं नव्हतं. मग मी शब्द दिला आणि तिसरं जगलं. आता शब्द मागे घेतला तर तो काय करेल? लोकांना प्रीतीचा देव सांगतो आणि स्वतः मात्र सावकारासारखा दारात उभा असलेला बघतो. आणि तेवढंच असतं तर चाललं असतं. 'धन्य तो बाप' हेही मला हवंय. दोन्ही आहे. कशाचं वजन जास्त ते मी तोलत नाही.

इसहाकाच्या जागी बळी द्यायला ऐन वेळी झुडपात मेंढा सापडला. इफ्ताहच्या पोरीसाठी सापडला नाही. देव तोच. या प्रश्नावर मी सव्वीस वर्षं उपदेश केला नाही, अ. इतक्या दिवसांत एकदाच म्हणाली, "इसहाक पोरगा होता ना, पप्पा."

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी रत्नाने किल्ली मागितली. दिली नाही. ती म्हणाली, "दोन लेकरं देवानं नेली. तिसरं तुम्ही नेऊन राहिलाव. देवाला तरी मी काय म्हणणार, तो दिसत न्हाई. तुम्ही तर रोज ताटावर बसता."

दुपारी आत्याने हाक मारली. जवळ बसवून घेतलं. साठ वर्षांत ज्यावर ती बोलली नव्हती ते बोलली.

नऊ वर्षांची होती. केसांत जट निघाली. जट म्हणजे देवीचं बोलावणं, असं ठरलं, आणि माझ्या आजोबांनी तिला देवीला सोडली. गळ्यात मोती, हातात परडी. दारोदार जोगवा मागायचा आणि पुढे जे व्हायचं ते झालं. ती बावीस वर्षांची असताना माझ्या बापाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवशी विहिरीवर बसवून कात्रीने तिची जट कापली. लोक म्हणाले, आता पोरगी रक्त ओकून मरणार. ती अजून आहे. माझा बाप ख्रिस्ती झाला तो बहिणीसाठी, हे मला माहीत होतं. कुठल्याही साक्षीत मी ते कधी सांगितलं नाही, येशूसाठी झाला असंच सांगितलं.

"मला सोडलं तवा बी हळद लावली होती," आत्या म्हणाली. "तवा बी सगळे म्हणत होते, नशीबवान पोर. माझा बाप रडत होता रे. खरंच रडत होता. तुझ्यावानीच."

"आत्या, ते वेगळं होतं. ती मूर्ती होती."

"हाव का. मला तर माणसंच दिसली होती."

उठून आलो. उद्याचा उपदेश लिहायला घेतला. एक ओळ झाली नाही.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी साडेनऊ.

प्रार्थना करतो म्हणून सांगून आतल्या खोलीत आलोय. पाच मिनिटं मागितलीत. जे झालं ते लिहून काढतो.

आठ वाजता विश्वासगृहाचे प्रमुख, एल्डर, जीप घेऊन आले. बरोबर दोन सेविका, खाली मान घातलेल्या. घडीची पांढरी साडी त्यांनी रत्नाच्या हातात दिली. रत्नाने ती तशीच आत नेली, अर्पणाच्या खोलीत. दार आतून लागलं. आत तिघी, रत्ना, अर्पणा आणि आत्या.

मी, एल्डर, महालिंगप्पा आणि मंडळीतले दहा-बारा लोक अंगणात. सगळे दाराकडे बघत होते. इफ्ताह आठवायचा नाही असं ठरवलं होतं. दुसरं काही आठवतच नव्हतं. कोण पहिलं बाहेर येईल? साडी नेसून आली तर काय करू, फेकून आली तर काय करू, दोन्हीची वाक्यं मनात तयार होती. मला वाक्यं लगेच सुचतात.

दार उघडलं. पहिली बाहेर आली गोदाआत्या.

पांढरी साडी तिने नेसलेली. लांबीला जास्त होत होती, कमरेला खोचलेली. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात अर्पणाची खंजिरी.

"चला," ती एल्डरांना म्हणाली. "बाई पाहिजे ना तुमच्या देवाला? घरातलीच हाय मी."

एल्डर माझ्याकडे बघायला लागले. "पास्टर, हे काय आहे?"

"त्याला काय इचारता? मला सवय हाय. मागल्या खेपेला नऊ वर्साची होते, कुणी इचारलं न्हाई. या खेपेला माझी मी जाते." मग माझ्याकडे वळली. "किल्ली दे लेकराला. उद्या सकाळची गाडी हाय तिची."

कोणी हसलं नाही. मंडळीतली एक बाई रडायला लागली, ती माझ्या आवाजाने रडते तशी नाही. दारात अर्पणा उभी होती, रोजच्या सलवार कमीजमध्ये. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती आत्याच्या पायांकडे बघत होती, साडी पायात येईल म्हणून.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहितो, कारण हे दुसरं कोणाला सांगता येणार नाही. चालेल का, हा विचार आला. आत्या तिथे कशी राहील, तिला औषध कोण देईल, हा नाही. देव हिला त्या जागी धरेल का, हा. ऐंशी वर्षांची बाई समोर उभी आणि मी मेंढ्याचे दात बघत होतो.

दुसरा विचार लेवीयाचाच. त्याच २७व्या अध्यायात लिहिलंय, नवसाचं जनावर बदललं तर बदललेलं आणि मूळचं, दोन्ही देवाची होतात. दोन्ही. तो नियम जनावरांचा आहे, माणसांचा नाही. हे मला चांगलं माहीत आहे. तरी पान काढून परत बघितलं.

ट्रंक माझ्या समोर आहे. किल्ली खिशात, बायबलाच्या वर. लातूरचं पत्र बायबलात. बाहेर जीपचं इंजिन सुरूच आहे, एल्डर घड्याळ बघत असतील.

आत्या ओसरीवरून ओरडतेय. "झाली का रे प्रार्थना? का अजून भावच करून राहिलास?"