डावीकडचं कपाट

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं कार्ड मिळालं असेल. त्यात सगळं छान आहे असं लिहिलं होतं, ते बाबांसाठी. हे पत्र तुझ्यासाठी. आत्या, मला इथे एका जागी बसवत नाही. गाडीतून उतरले तेव्हापासून पायाला भिंगरी लागली आहे. जेवताना टेबलाखाली पाय चालतात, रांगेत उभी राहिले तरी टाचा वरखाली होतात, आणि पुढचे लोक मागे वळून बघतात.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. सोबतीला एक नर्स आहे. ती रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपते. खाली घरमालकीण राहतात, त्यांना पावलांचा आवाज सोसत नाही. म्हणून मी सकाळचा सराव पलंगावर उताणी पडून, पाय हवेत धरून करते. पहिल्या दिवशी नर्सनं एक डोळा उघडून हे पाहिलं, उठून माझी नाडी बघितली आणि पुन्हा झोपली. माणूस चांगलं आहे.

दुपारपर्यंत काचसामानाच्या दुकानात काम करते. मांडण्यांमधून एक माणूस कसाबसा जाईल एवढीच वाट आहे. आधीच्या मुलीनं बरंच काही फोडलं म्हणे. माझ्या हातून अजून एक पेलासुद्धा हललेला नाही, त्यामुळे मालक खूश आहेत.

दुपारनंतर नाचाचा हॉल. आम्ही नव्या मुली पुष्कळ आहोत आणि संचात जागा एकच आहे. मार्चअखेर आम्हाला शिकवणाऱ्या बाई एकीला निवडतील. ती दौऱ्यावर जाईल, बाकीच्यांनी सामान बांधायचं. मी परत आले तर बाबांनी सांगितलेला हिशेबाचा कोर्स करायचा हे ठरलेलं आहेच. आत्या, मला तो कोर्स करायचा नाही. मला ती जागा हवी आहे, इतकी की कुणाला सांगायची लाज वाटते.

काल बाईंनी मला मध्येच थांबवून विचारलं की डावीकडे वळताना मी कुणाला वाट देते. मला प्रश्नच कळला नाही. त्यांचं म्हणणं असं की उजवीकडे माझा हात पूर्ण उघडतो आणि डावीकडे कोपर पोटाशी येतं, कुणीतरी तिथे उभं असावं तसं. सगळ्या हसल्या. मी वळून बघितलं, कुणी नव्हतं. हे आधी सुटलं पाहिजे, बाकीचं नंतर बघू, असं त्या म्हणाल्या. तुला यातलं काही उमगतं का?

तुझा लोभ इथे पुरवून पुरवून वापरावा लागतो, तेव्हा पत्रागणिक थोडा जास्त घाल.

तुझा,
नाकतोडा


ता. १२ फेब्रुवारी

चि. नाकतोड्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाय हवेत धरून नाचणारी आमच्या घराण्यातली तू पहिलीच. लहानपणी अंगापेक्षा पायच लांब होते म्हणून हे नाव ठेवलं, ते तू एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. नर्सबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझ्या वडिलांनी तुझं कार्ड शर्टाच्या खिशात घालून वर्कशॉपमध्ये नेलं. वेल्डिंगची ठिणगी उडाली आणि छानमधला छा जळला. आता ते लोकांना नुसतं भोक दाखवतात आणि सांगतात की मुलगी मजेत आहे. रात्री मात्र दोनदा विचारलं की तिकडे हवा कशी असेल. मी म्हटलं, हवेसारखी.

बाईंचं फार मनाला लावून घेऊ नकोस. नव्या पोरींना त्या काहीतरी बोलणारच. दोन वेळ नीट जेव, हातात जोर आला की हात आपोआप उघडेल.

इकडे माझा नाचाचा वर्ग जोरात आहे. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टरांची धाकटी परवा डावीकडे वळताना आपल्या लोखंडी कपाटाच्या मुठीवर आपटली, कोपराला हे एवढं टेंगूळ. रडून गोंधळ घातला. मी तिला समजावलं की असं सगळ्यांचं होतं; नाकतोड्या, लहानपणी तुझंही झालं होतं, आणि त्यानंतर तू पुन्हा कधी आपटली नाहीस. आता तीही शहाणी होईल. कपाट काही हलायचं नाही. दाराची चौकट बसवण्याआधी आत आलेलं, ते त्या दारातून निघणार कसं?

जास्त काय लिहू. लोभ मापून घालायची मला सवय नाही, सांडला तर पुसून घे.

तुझी,
आत्या


ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र दुकानात उघडलं. कपाटापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मग मांडण्यांमधून चालत गेले आणि पहिल्यांदा स्वतःकडे नीट बघितलं. डावं कोपर पोटाशी. मालक ज्याचं कौतुक करतात ते हेच.

मी कपाटाला वाट देते, आत्या. इतकी वर्षं देत आले. आता आरशासमोर हात उघडायला जाते तर तो अर्ध्यातून परत येतो, माझं ऐकतच नाही. बाकीच्या मुली पुढचं शिकतात आणि मी कोपऱ्यात उभी राहून एकच वळण घोटते. बाईंनी मला पहिल्या ओळीतून मागच्या ओळीत नेलंय. महिना उरला आहे.

तुला कधी दिसलं नाही का? की दिसूनही तू त्याला शहाणपण म्हणालीस? तू मला नाच शिकवलास की अडगळीतून वाट काढायला शिकवलंस, हेच मला कळेनासं झालंय. एका कपाटापायी माझी जागा जाणार.

आणखी काही लिहायला सुचत नाही.


ता. ८ मार्च

चि. नाकतोड्यास,
अ. उ. आ.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझी आत्या लिहीत नाही म्हणून मला पेन धरावं लागलं.

तिनं वर्ग बंद केला आहे. पोरींना सांगितलं की गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत आहेत, काल कपडे वाळत घालायला दोनदा गच्चीवर गेली. डॉक्टरांची धाकटी रोज संध्याकाळी दारात येऊन उभी राहते आणि परत जाते. तुझं पत्र मला दाखवलं नाही, मीच डब्यातून काढून वाचलं.

गेल्या रविवारी मी घरात शिरलो तर ताई एकटीच खांदा लावून कपाट ढकलत होती. ते तसूभर हललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून ग्राइंडर आणला आणि कपाट कापलं. तुकडे दारातून बाहेर काढले. आतल्या रजया पलंगावर आहेत, त्यामुळे मी खाली झोपतो.

मला नाचातलं कळत नाही, त्यामुळे तू लिहिलंस ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण ती खोली मी दिलेली, आणि माझ्याकडे तेवढीच होती. तुला रागवायचं असेल तर थोडं माझ्यावरही रागव. सगळं तिच्या एकटीच्या वाट्याला नको.

जेवत जा. मायेचं मला लिहिता येत नाही, ते तू धरून चाल.

बाबा


ता. २९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शेवट आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून निकाल शेवटी नाही. मधेच कुठेतरी ठेवलाय. ओळीनं वाच.

बाबांचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानात पहिला पेला फोडला. मालकांनी उलट मला बरं नाही का असं विचारलं. हात सोडवायचा उपाय नर्सनं काढला. ती माझ्या डावीकडे तळहात धरून उभी राहायची आणि वळताना मी त्यावर चापट मारायची. रोज ती थोडी लांब सरकायची. हात तिच्या मागे मागे गेला. शेवटी ती झोपायला निघून गेली तरी हात जातच राहिला. तिच्या दवाखान्यात आखडलेले हात असेच सोडवतात म्हणे.

निवड काल झाली. बाईंनी एकेकीला एकटीला नाचायला सांगितलं. डावं वळण आलं, हात उघडला आणि पूर्ण उघडला. वाटलं होतं आनंद होईल. तसं झालं नाही, भीतीच वाटली. पलीकडे काहीच नव्हतं. इतकी वर्षं त्या बाजूला काहीतरी उभं असायचं, त्याच्या आधारानं मी वळत होते, हे मला तिथे कळलं. तुझी खोली आठवली आणि रडू आलं. तशीच नाचत राहिले. जागा मला मिळाली, आत्या. बाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा मी कुणाला हाक मारताहेत म्हणून मागे बघितलं.

आता एक ऐक. इथे रोज बाई खाली बसून मुलींचे पाय हातानं धरून जागेवर ठेवतात. कुणाची टाच, कुणाचा घोटा. माझ्या पायांना त्यांनी एकदाही हात लावला नाही. ते पाय तू घडवलेस. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण रागाच्या भरात लिहिलं नाही. ते पत्र फाडून टाक, नाहीतर बाबांच्या खिशात ठेव, म्हणजे आपोआप जळेल.

दौऱ्याआधी थोडी सुट्टी आहे. अजूनही बसवत नाही, पण आता जरा वेगळ्या तऱ्हेनं. येऊ का, एवढं कळव. लोभ शिल्लक असेल तर तेही कळव.

तुझा,
नाकतोडा


ता. ६ एप्रिल

चि. नाकतोड्यास,
अनेक आशीर्वाद.

निकाल आधी शोधून काढला, मग ओळीनं वाचलं. तुझ्या वडिलांना सांगितलं तर ते तडक वर्कशॉपमध्ये गेले आणि सुट्टीच्या दिवशी एकटेच लोखंड ठोकत बसले.

तुझं ते पत्र मला लागलं. लागलं नाही असं लिहिलं तर तू ओळखशील. मला दिसलं नाही का, असं तू विचारलं होतंस. नाही दिसलं. माझाही हात तसाच जायचा, मग दिसणार कुठून?

सोमवारपासून वर्ग सुरू केला. डॉक्टरांची धाकटी मी कडी काढते न काढते तोच आत होती. खोली इतकी मोठी वाटते की मीच बावचळते. मी पोरींना सांगितलं की कपाट गेलं, आता हात मोकळा सोडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि वळण आलं की एकेक पोरगी कोपर पोटाशी घेऊन त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेली. समजावलं, रागावले, उपयोग शून्य. मग म्हटलं, बसा खाली, मी करून दाखवते. उभी राहिले, वळले, आणि नाकतोड्या, मीही वळसा घातला. पोरी हसून हसून लोळल्या. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि पोरी गेल्यावर मी बराच वेळ तिथे उभी राहिले. त्या जागेत पाय मात्र टाकवला नाही.

तेव्हा येऊ का म्हणून काय विचारतेस? ये. बॅग दारात टाक, हातपाय नंतर धू, आणि आधी हात उघडून त्या कोपऱ्यातून जा. पोरी बघतील. मी त्यांच्यात खाली बसेन.

लोभ तुझ्या वाटणीचा आहे तेवढा आहे. कपाट गेल्यापासून उघड्यावरच आहे, लवकर येऊन ने.

तुझी,
आत्या