चौथ्या खिळ्यावरची पाटी

मास्तर,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा दार लोटायला, एकदा उगाच फाटकापर्यंत, तिसऱ्यांदा कशाला ते आता आठवतही नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पाय एका जागी ठरंना व्हय रं तुजा? मग बॉल कसा ठरंल?" तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, टेनिसच्या कोर्टावर रूळ ओढता ओढता, आणि मी त्याचं सरळ उत्तर दिलं नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. गेल्या रविवारी सांगलीच्या क्लबात जुना खेळाडू म्हणून माझा सत्कार झाला आणि तेव्हापासून तो प्रश्न पाठीला लागलाय. साताऱ्याला घरी येऊन चार दिवस झाले, तरी सुटत नाही.

दुसऱ्या लढाईची शेवटची वर्षं होती. मी माधवनगरच्या गिरणीत कारकून, पाच वाजले की सायकल हाणत क्लबात यायचो. तुम्ही हायस्कुलात ड्रिल मास्तर. मी तुमच्याच हाताखालून गेलेला, त्यामुळे तुम्ही समोर आलात की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. बाकी क्लब म्हणजे वकील, डॉक्टर आणि संस्थानचे अंमलदार. त्यांत तुम्ही एकटे शेतकऱ्याच्या घरातले. पहिल्या लढाईत पलटणीत असताना बसऱ्याच्या छावणीत साहेबांची कोर्टं राखता राखता खेळ उचललेले. मंडळींनी तुम्हाला क्लबात घेतलं ते कोर्टं चांगली राहतील म्हणून, हे तुम्हालाही माहीत होतं. लॅडर तुम्ही सुरू केलीत. तुम्ही तिला शिडी म्हणायचात. व्हरांड्यात एक उभी फळी, तिच्यावर एकाखाली एक चौदा खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका मेंबराच्या नावाची पाटी. खालच्याने आपल्या वरच्या दोघांपैकी कुणालाही आव्हान द्यायचं, चिठ्ठी त्याच्या खिळ्याला टोचायची, आठ दिवसांत खेळायचं. खालचा जिंकला की पाट्यांची अदलाबदल. वरचा खेळायला आलाच नाही, तर त्याची जागा गेली. माझं अक्षर बरं, म्हणून पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे होतं.

पहिली बोलणी खाल्ली ती या शिडीपायीच. एका बड्या अंमलदाराने चिठ्ठी लागूनही आठ दिवस टाळले. तुम्ही नव्या नियमाने त्याची पाटी खाली आणलीत, आणि मी तुमच्या पाठीमागे ती हळूच वर टांगली. म्हटलं, एवढा मोठा माणूस, कशाला वाकड्यात जायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला फळीसमोर उभं केलंत, शाळेत करायचात तसं. "ही पाटी कुणी चढवली?" मी साहेबांचा हुद्दा पुढे केला. "आरं, कचेरीत त्यो साहेब हाय, हितं न्हाई. शिडीला हुद्दा कळत न्हाई. तिला फकस्त कोण हरलं आन कोण जिंकलं एवढंच कळतं. ती खोटं बोलाय लागली तर चुलीत घाल तिला." मग स्वतः पाटी काढून खाली टांगलीत आणि रेषांना चुना मारायला निघून गेलात. त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमची रॅकेट आवळून ठेवायची लाकडी चौकट दिलीत, बसऱ्याहून आणलेली. का दिलीत ते सांगितलं नाहीत. ती अजून माझ्याकडे आहे, एक स्क्रू गंजलाय.

तुमची पाटी चौथ्या खिळ्यावर. पंचावन्न उलटलेली, उजवा गुडघा दुखरा, तरी चौथी. त्या क्लबात तुम्हाला कुणी न देता मिळालेली ती एकच गोष्ट होती, आणि येताना-जाताना तुम्ही तिच्याकडे बघता हे मी पाहिलं होतं. गंमत अशी की वर्षभर तुमच्या खिळ्याला चिठ्ठीच लागली नव्हती. खालचे बहुतेक तुमचेच जुने विद्यार्थी. मास्तरांना आव्हान कोण देणार? शेवटी एक दिवस तुम्ही चिडलात. "मला कुणीच का इचारत न्हाई रं? मी काय म्हसोबा हाय, लांबून नमस्कार कराय?" मी सहाव्या खिळ्यावर होतो. दुसऱ्या दिवशी मीच चिठ्ठी टोचली. तुम्ही ती वाचलीत, घडी घालून खिशात ठेवलीत आणि मिशीतल्या मिशीत हसलात. आता कबूल करतो, त्यात तुमची कणव वगैरे काही नव्हती. दसऱ्यापर्यंत चौथा होणार असं मी गिरणीत सांगून बसलो होतो.

रविवारी सकाळी खेळलो. नवे बॉल मिळत नव्हते, म्हणून एकाच सेटवर निकाल. बॉलचे सगळे केस झडलेले, नुसते गोटे. व्हरांड्यात दहा-बारा मंडळी चहा पीत बसलेली. मी धावतोय आणि तुम्ही उभे आहात, असंच मला ते आजही दिसतं. तुम्ही बॉल असा कापत होता की तो पडला की उठतच नव्हता. चार-चारपर्यंत आलो. मग पाच-चार तुमचे. शेवटचा बॉल तुम्ही आखूड टाकलात, नेटपाशी, अगदी सोपा. मी पोचलो आणि तो नेटमध्ये मारला. तुम्ही नेटवरून हात पुढे केलात. तेवढ्यात व्हरांड्यातून एक ज्येष्ठ वकील मोठ्याने म्हणाले, "वा, गुरुदक्षिणा छान दिलीस हो." सगळे हसले, कौतुकाने. मीही हसलो, मान खाली घालून. तुमचा हात माझ्या हातात होता आणि तो सैल पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही रूळ ओढत होता. मी दुसऱ्या बाजूने दांडा धरला. अर्धं कोर्ट झाल्यावर तुम्ही थांबलात. "खरं सांग. मॅच सोडलीस व्हय?"

"छे छे, मास्तर, असं कुठं असतं," मी म्हणालो.

आपल्याकडे 'छे छे' कसं म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक होतं. मोठेपणा नाकारण्यासाठी म्हणतात, म्हणजे तो कबूल झाला असं समजतात. मी ते तसंच म्हटलं, नजर चुकवून, ओठांत हसू ठेवून. तुम्ही दांडा खाली ठेवलात. "म्हंजी आजवर ज्या पोरांस्नी हरवलं, त्यांनी बी अशीच सोडली असतील," एवढंच म्हणालात. मग व्हरांड्यात जाऊन चौथ्या खिळ्यावरची पाटी काढलीत, माझ्या हातात दिलीत. "ह्यावर दुसऱ्याचं नाव लिव्ह." त्यानंतर तुम्ही रूळ ओढायला येत राहिलात, रॅकेट मात्र धरली नाहीत. वर्षाने रिटायर होऊन साताऱ्याकडे गावी गेलात.

माझं मात्र बरं झालं. गुरूचा मान राखणारा मुलगा म्हणून सांगलीत नाव झालं. त्याच वकिलांनी आपली मुलगी दिली. एकदा कचेरीच्या कामाला साताऱ्याला आलो तेव्हा तुमच्या गावी चालत आलो होतो, आठवतं? वाटभर एक वाक्य घोकत होतो. तुम्ही ओट्यावर बसला होता. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आवं, ह्योच का त्यो, तुमचा मान राखणारा?" तुम्ही म्हणालात, "चा घे, निवतोय." मग विचारलंत, "शिडी हाय का अजून?" मी म्हणालो, आहे. घोकलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं. चार महिन्यांनी तुम्ही गेल्याचं पोस्टकार्ड आलं, वरचा कोपरा फाडलेलं.

गेल्या रविवारी सत्कारात क्लबाच्या पोरसवदा सेक्रेटरीने भाषणात तीच गुरुदक्षिणेची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. पुन्हा 'छे छे'.

तर उत्तर असं आहे. मी मॅच सोडली नव्हती. आदल्या रात्री मला झोप आली नव्हती, इतकी ती हवी होती. शेवटचा बॉल मी जीव खाऊन मारला आणि तो गेला नाही. तेवीस वर्षांचा मी पंचावन्न उलटलेल्या माणसाकडून चारचौघांत हरलो, आणि हरलेला दिसण्यापेक्षा भला दिसणं मला सोपं वाटलं. सहा-चार, मास्तर. तुम्ही हरवलंत मला. आधीच्यांनाही हरवलं असणार.

हे आधी तुम्हाला आणि मग घरात सांगायचं, असं सकाळी ठरवलं होतं. आत्ताच ही दारात येऊन विचारून गेली, इतका वेळ काय लिहिताय म्हणून. मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, काही नाही.