तीन नंबरचा टँकर, अकराची खेप

२२ एप्रिल २०२४, सोमवार. सकाळी ९.४०

प्रिंटरमध्ये पावत्यांचा कागद भरत होतो. भरता भरता कालच्या खेपा पाहिल्या आणि हात थांबला. तीन नंबरचा टँकर काल अकरा वाजता आमच्या वस्तीवर. तीन नंबरचाच टँकर काल अकरा वाजता दुसऱ्या गावात. एक गाडी, एक वेळ, दोन गावं!

मायला फोन केला. "न्हाई आला. वाट बगून घागरी तापल्या."

दीड वर्षं पाटोद्याला, मालक मोहनरावांच्या या टँकरच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळतोय. खेप टेबलात चढली तरच पावती निघते, आणि पावती दाखवली तरच विहिरीवरचा माणूस टँकर भरून देतो. म्हणजे वस्तीच्या नावावर खेप दाखवली आणि पाणी दुसऱ्या पावतीवर गेलं. कुठं?

२३ एप्रिल

कुठं ते ड्रायव्हर बंकटनं सांगितलं. "त्या दुसऱ्या गावात, मालकाच्या डाळिंबाच्या बागेत. अभिमन्यूनं कागुद दिला, मी गेलतो. मला कावून इचारतो?"

अभिमन्यू हा मालकाचा पुतण्या. खेपा तोच भरतो. मालकाला विचारलं, एक टँकर एकाच वेळी दोन गावांत कसा? मालक हसले. "आपलं इंजिन लई दमदार हाय!" ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो. त्याचा अजून राग येतोय.

२४ एप्रिल

टँकर नाही.

२५ एप्रिल

महिन्याची बेरीज काढली, दोनदा वेगवेगळी आली. गावाचा रकाना रिकामा असलेल्या चार ओळी निघाल्या. गाववार यादीत त्या दिसतच नाहीत, एकूण बेरजेत मात्र असतात. वहीत लाल शाईने लिहिलं: रिकामं म्हणजे शून्य नव्हे. रिकामं म्हणजे माहीत नाही.

अभिमन्यू मागून वाचत होता. "बारावी दोनदा नापास, अन् वही बग कलेक्टरची!" इंग्रजीत नापास. बाकी विषयांत पास आहे. पण सांगणार कुणाला?

२७ एप्रिल, शनिवार

केलं! अभिमन्यू लग्नाला गेला होता. सगळं क्रमाने केलं.

आधी बॅकअप. तो जुन्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिला — उघडून पाहिल्याशिवाय बॅकअपवर भरवसा ठेवायचा नाही. मग प्रत्येकाला वेगळं लॉगिन. इतके दिवस सगळे एकच पासवर्ड वापरत होते, तोही भिंतीवर लिहिलेला! आता कुणी, कधी, काय भरलं त्याची नोंद आपोआप होईल. ओळ पुसायचा अधिकार फक्त माझ्याकडे. शेवटी नियम बसवला: एक टँकर, एक तारीख, एक वेळ — एकच ओळ. दुसरी आली की नाकारायची. निरोपही मराठीत लिहिला: "ही वेळ आधीच दिलेली आहे."

नियम लागतो का तेही पाहिलं. आजच्या खेपांना धक्का नको म्हणून पुढची तारीख घेतली. पहिली ओळ गेली. तीच पुन्हा भरली — नाकारली. वा! चहा प्यायला दोनदा गेलो.

२९ एप्रिल

आठ वाजता येऊन वस्तीची अकराची खेप आधी भरली. साडेदहाला अभिमन्यू ओरडला, "पावती निघंना बे! काय करून ठुलं?"

"एका गाडीला एका वेळी एकच पावती."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

दुपारी मायचा फोन. "आंगदा, टँकर काठोकाठ आला रं! शेजारच्या सुंदरबाईनं तर दारात सडा टाकला, येडी." अठरा घरांची वस्ती. पाच दिवसांनी पाणी. डाळिंबाला नाही!

१ मे

आजही आला. अभिमन्यू जाता जाता म्हणाला, "बगू किती दिवस."

४ मे, शनिवार

काल मला हार्ड डिस्क आणायला अंबाजोगाईला पाठवलं. मोबाइलची बॅटरी संपली, दुकानात चार्जिंगला लावून बसलो. चालू केला तर एकवीस मिस्ड कॉल.

वस्तीची पावती निघाली नाही. "ही वेळ आधीच दिलेली आहे." बंकट रिकामाच विहिरीवर गेला, हात जोडले. तिथला माणूस म्हणाला, "कागुद न्हाई तर थेंब न्हाई." चारपर्यंत वाट पाहून माय ओढ्यातल्या जुन्या आडाकडे गेली. दरडीवरून घसरली. खुबा मोडला.

तिला इथंच, अंबाजोगाईला आणलं. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं विचारलं, "घागर फुटली का?"

५ मे

अभिमन्यू वॉर्डात आला. मोसंबी घेऊन! "आंगद, मी काय बी भरलं न्हाई. मायची शपथ."

मी म्हणालो, "शपथ तुझ्या मायची, खुबा माझ्या मायचा."

बंकट त्याची बाजू घेत होता. "त्यानं धा वेळा दाबलं, माझ्या म्होरं. तुलाच फोन लावत होता. गाववार यादी बी काडली. तीन नंबरला अकराला कुणीच नव्हतं." मालकाचं मीठ खातो, तो काय बोलणार! नियम माझा, म्हणून यानं मला धडा शिकवला. सकाळीच वेळ अडवून ठेवली असणार. सुंदरबाईला सगळं फोनवर सांगितलं. नावासकट.

६ मे

ऑपरेशन झालं. संध्याकाळी बातमी आली — अभिमन्यू टँकरबरोबर वस्तीवर गेला होता, माफी मागायला की काय. पोरांनी त्याला धरून मारलं. डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणे.

वाईट वाटलं नाही. लिहून ठेवतो, वाटलं नाही.

७ मे

मालकांचा फोन. रागावले नाहीत. "तुज्या मायचं बिल मी बगतो. पर त्या पोरानं केलं का न्हाई, तेवडं तुज्या त्या मशीनीतून बगून सांग. खरं सांग." उद्या पाटोद्याला जाऊन नोंद काढतो. तारीख, वेळ, लॉगिन, सगळं छापून त्यांच्या टेबलावर ठेवीन.

८ मे, बुधवार. दुपारी १२.१५

टँकर ३. तारीख ३ मे. वेळ ११.००. गाव — रिकामं.
भरल्याची तारीख: २७ एप्रिल, दुपारी ४.१२.
भरणारा: अंगद.

चाचणीची पहिली ओळ. दुसरी नाकारली म्हणून खूश झालो. पहिली पुसलीच नाही.

कागद छापला आहे. मालक दोनला येतात.

खर्च: जीप-रिक्षा ६४०, औषधं २,३१०, वॉकर ९००.
देणं: मोहनराव — ऑपरेशनचे २८,०००. बंकट — ५००. वस्ती — एक खेप, दहा हजार लिटर.
अभिमन्यू — रिकामं. शून्य नव्हे.